इसार देण्याआधी

तीर्थरूप आई आणि नाना,
साष्टांग नमस्कार.

नानांनी पाठवलेली सगळी कात्रणं वाचली. भुसावळच्या घरफोड्या, धुळ्यातल्या सोनसाखळ्या, धुळ्याच्याच दुचाक्या. जळगावचं मात्र एकही कात्रण नाही! नाना, जळगावचा प्लॉट तुमच्या मनात आधीच भरलाय, म्हणून तिकडचे चोर तुम्हाला दिसत नाहीत, असं मी म्हटलं तर रागवाल.

एरंडोलचं घर सोडायचं हे ठरलंच आहे. आईच्या गुडघ्यांना तो जिना झेपत नाही आणि दर वेळी दवाखान्यासाठी बस पकडायची म्हणजे पूर्ण दिवस जातो. प्रश्न फक्त कुठे जायचं, एवढाच. सरकारी आकडा काय म्हणतो ते बघ, असं तुम्ही सांगितलंत, म्हणून राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल उघडून बसले. त्यात २० लाखांवरच्या १९ महानगरांचे आकडे वेगळे येतात. आपल्या राज्यातून मुंबई, पुणे, नागपूर. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहर ४ लाख ६० हजारांचं, धुळे पावणेचार लाखांचं, भुसावळ १ लाख ८७ हजारांचं. म्हणजे आपली शहरं जिल्ह्याच्या ओळीत जातात. जळगाव आणि भुसावळ एकाच ओळीत, आणि त्याच ओळीत चोपडा, रावेर, आपलं एरंडोलसुद्धा. भुसावळ स्टेशनात कुणाचं पाकीट मारलं, तर तो गुन्हा लोहमार्ग पोलिसांचा, त्यांचा हिशेब आणखी निराळा. तेव्हा भुसावळ वाईट आणि जळगाव चांगलं, हे त्या अहवालातून काढताच येत नाही.

बरं, दर काढतात तो लाख लोकसंख्येमागे. शेवटची जनगणना २०११ ची, पुढची लोकसंख्या अंदाजाने धरलेली. वाढत्या गावात हा अंदाज चुकला की दरही चुकतो. शिवाय गाव छोटं असलं की एकेक गुन्हा जड होतो. ४० हजारांच्या गावात एक दरोडा पडला तर दर एकदम अडीचने चढतो, पुण्यात तो कुणाच्या लक्षातही येणार नाही. २०२० साली देशातले गुन्हे २८ टक्क्यांनी वाढले, असं छापून आलं होतं ना? तेव्हा लॉकडाऊन मोडल्याचे कलम १८८ चे गुन्हे धडाधड नोंदवले गेले होते. चोर तर बिचारे घरीच बसले होते.

आणि जिथे आकडा कमी, तिथे शांतता आहे असंही नाही. आपल्या ओळखीतल्या एकाचा मोबाईल भर बाजारात खिशातून गेला. ठाण्यात त्याला 'गहाळ' म्हणून अर्ज द्यायला लावला. झालं, चोरीची नोंदच नाही, त्या गावाचा आकडा स्वच्छ. जिथे फिर्याद घेतात तिथला आकडा फुगलेला दिसतो, आणि आपण त्यालाच नावं ठेवतो.

म्हणून मी आकडे बाजूला ठेवले आणि जाऊन पाहिलं. जळगावच्या तुमच्या त्या लेआउटवर मुद्दाम दिवेलागणीला गेले. प्लॉट दाखवणारा माणूस सकाळी अकराला नेतो, तेव्हा सगळंच छान दिसतं. दोन्ही बाजूंना तारेचं कंपाउंड घातलेले प्लॉट, आत कमरेएवढं गाजरगवत. बाहेरगावच्या लोकांनी गुंतवणूक म्हणून घेऊन टाकलेले. खांब आहेत, पण बऱ्याच खांबांवर दिवा नाही. राहती घरं तीनच, त्यातल्या एकाच्या दाराला बाहेरून भलंमोठं कुलूप आणि गेटमध्ये खोचलेली वर्तमानपत्रं उन्हाने पिवळी पडलेली. मला चोरी करायची असती तर एवढी माहिती पुरे होती. शेजारच्या बाई म्हणाल्या, यजमान रात्रपाळीला गेले की त्या मागचं दार उघडतच नाहीत. तुम्ही दोघं आखाजीच्या सणाला गावी गेलात की तिथे राहणार काय? फक्त कुलूप.

धुळ्याला देवपूरचं ते जुनं घर पाहिलं, ते तुम्हाला आवडणार नाही. ओटा पुढे आलेला, गल्ली अरुंद, शेजारच्याच्या टीव्हीचा आवाज आपल्या स्वयंपाकघरात. पण मी वळले तशी ओट्यावरच्या आजींनी विचारलं, "कोना घर उनी वं माय?" कुणाकडे आले ते त्यांना सांगून पुढे गेले तर इस्त्रीवाल्याने तेच विचारलं. मग घरमालकाच्या समोरच्या बाईने. मला वैताग आला. चोरालाही आला असता. देवपूरला लागूनच वलवाडी आहे, २०१८ च्या हद्दवाढीत महापालिकेत आलेली. तिथेही नव्या कॉलन्या आहेत, त्यातल्या भरलेल्या गल्ल्या आणि मोकळ्या गल्ल्या यांत मला तोच फरक दिसला. म्हणजे जळगाव की धुळे यापेक्षा कोणती गल्ली, हे विचारायला हवं. जळगावात मध्यवस्तीत असं घर मिळालं तर मी आनंदाने हो म्हणेन.

नाना, एक गोष्ट तुमच्या एकाही कात्रणात नाही. तो लेआउट महामार्गापलीकडे आहे. भाजी, दूध, दवाखाना, सगळं अलीकडे. तुम्ही स्कूटरवर, आई मागे, आणि समोरून केळीचे ट्रक. २०२२ साली देशात २८,५२२ खून झाले आणि रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. मला तुमची काळजी चोरांपेक्षा त्या रस्त्याची जास्त वाटते.

आई, तुझ्यासाठी वेगळं. रस्त्यात कुणी "पुढे लुटालूट चाललीय, आम्ही पोलीस आहोत, दागिने काढून रुमालात ठेवा" म्हणालं तर सरळ जवळच्या दुकानात शिरायचं. खरे पोलीस असं सांगत नाहीत. पाटल्या घर बदलायच्या आधी लॉकरमध्ये, नंतर नाही. मे महिन्यात गच्चीवर झोपता तेव्हा खालचं दार नुसतं लोटून ठेवू नका. वर माणसं गाढ, खाली कपाट मोकळं, उन्हाळ्यात असंच घर फुटतं.

फोनवरचा चोर तर कुठल्याही गावात येतो. व्हिडिओ कॉलवर अटक करायची सोय कायद्यात नाही. कुणी 'डिजिटल अरेस्ट' म्हणालं की फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, त्याच मिनिटाला १९३० ला फोन. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात. बाकी कशालाही ११२. दोन्ही नंबर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवा, मोबाईलमध्ये ठेवलेत तर नाना चष्मा शोधत बसतील.

तेव्हा त्या प्लॉटवाल्याला अजून इसार देऊ नका. पुढच्या शनिवारी मी येते, रात्री नऊला आपण देवपूरला जाऊ आणि तासभर गल्लीत उभे राहू. पाणी किती दिवसांआड येतं, ते आई विचारेल, मला कुणी खरं सांगत नाही. प्लॉटवाला सोमवारपर्यंत भाव चढेल म्हणाला तर चढू दे.

तुमची लेक