वाड्यावरची सही

सदाशिव पेठ, पुणे
रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा मेसेज बाबांना केलास, मला नाही. असो. दम्याचा पंप मोठ्या बॅगेत टाकलास की हातातल्या, तेवढं कळव. भांडणाच्या नादात माझं बघायचं राहून गेलं.

वाडा पाडायला द्यायच्या बिल्डरच्या कागदावर सही मी केली आणि आज तो कागद पुन्हा पुढे आला तरी करेन. तुझा मुद्दा मला कळला नाही असं समजू नकोस. आर्किटेक्टच्या ऑफिसात मी जन्मभर ट्रेसिंग केलंय. इमारती पडतात, नव्या उठतात. प्लॉटच्या हद्दी त्याहून टिकतात आणि रस्ते सगळ्यात जास्त, हे तूच मला ताटातल्या भातावर रेघा ओढून शिकवलंस. बिल्डर शेजारचा वाडा आणि आपला एक करणार, म्हणजे ती अरुंद, लांबुडकी हद्दच पुसली जाणार. खरं आहे. पण त्याच हद्दीत मागच्या खोलीला जोत्यापासून कमरेपर्यंत ओल चढायची आणि श्रावणात तू रात्ररात्र उशीला टेकून बसलेली असायचीस. आजी ओव्याची पुरचुंडी शेकायची, मी रिक्षासाठी भिकारदास मारुतीपर्यंत धावायचे. तुमच्या नकाशात ओल कुठे दाखवतात गं?

आणि बार्सिलोनाच्या वाढीव शहराचा आराखडा करणारे तुझे ते सेर्दा! तेही हवेचाच हिशेब मांडून बसले होते ना? १८५९चा आराखडा, ११३ मीटरचे चौकोन, २० मीटरचे रस्ते, कापलेले कोपरे, इमारती बहुतेक दोनच बाजूंना आणि मध्ये बाग. पुढे लोकांनी चारही बाजू बांधल्या, मधली जागाही भरली. आपल्या चौकावर काकांनी पत्रे टाकून गोडाऊन केलं, त्यातलाच प्रकार. माणूस तिथलाही तसाच.

बार्सिलोना समुद्राकाठी, हवा दमट. जुन्या भागात मापं घेत फिरशील तेव्हा पंप खिशात हवा, खोलीवर नाही. टेप धरायला सोबत कोणीतरी असू दे. रात्री दही खाऊ नकोस, धुळीत मास्क लाव, आणि डॉक्टरांचं इंग्रजी पत्र निळ्या फायलीत आहे... झालं, सुरू झालं माझं. सॉरी. एवढ्या मोठ्या मुलीला हे सांगायला नको, कळतं मला.

शाळेत असताना तू कात्रजच्या नळाचा तक्ता केला होतास, आठवतं? नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं तो. वाटेतले हौद निळे, उच्छ्वास, म्हणजे नळातली हवा सोडायची ती बांधकामं, तांबडे. एक उच्छ्वास चुकीच्या जागी पडला म्हणून जेवली नव्हतीस. बाबांनी तो आता फ्रेम करून आणलाय. फ्रेम भयंकर आहे, सोनेरी.

परवा बिल्डरच्या माणसानं विचारलं, मुलगी काय करते. म्हटलं, स्पेनमध्ये शहरं कशी घडत गेली ते शिकते. तो म्हणाला, म्हणजे इंटिरिअरचं का? त्याला चहा देऊन सगळं समजावलं, ११३ मीटरसकट. बिचारा सह्या घ्यायला आला होता.

पाडायच्या आधी वाड्याचं मोजणीचं ड्रॉइंग मी करतेय. बाबा टेप धरतात आणि वाद घालतात. माजघर, चौक, जिना झाला. शेजाऱ्यांची आणि आपली सामायिक भिंत मात्र अडलीये. ती कोणाच्या हद्दीत दाखवायची? बाबा म्हणतात अर्धी-अर्धी. तुमच्यात कशी दाखवतात ते लवकर लिही, पुढच्या महिन्यात पत्रे उतरवायला माणसं येतायत.

तुझी,
आई