क्रिब गोखच्या धारेवरून

मँचेस्टर,
जूनअखेर

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबरात तू खरंच येतोयस हे वाचून फार आनंद झाला. "तुमच्याकडे आपल्यासारखी एखादी धार आहे का रे, की नुसती हिरवळ?" असं विचारलंयस. आहे! नुकताच क्रिब गोख करून आलोय, बोटांची टोकं अजून हुळहुळताहेत. तेव्हा सगळं सविस्तर लिहितो, आणि तुला तिथे न्यायचंच हे आधीच सांगून ठेवतो.

हा डोंगर वेल्समध्ये, एरेरीच्या राष्ट्रीय उद्यानात आहे. उंची ९२३ मीटर. म्हणजे राजगडाहूनही कमी. शेजारचं अर विद्वा, ज्याला इंग्रज स्नोडन म्हणतात, ते वेल्समधलं सर्वांत उंच शिखर, आणि तेसुद्धा १०८५ मीटरच. आपली कळसूबाई १६४६. पण आकडे बघून हा डोंगर हलक्यात घेऊ नकोस. हिमयुगात त्याच्या दोन्ही अंगांना हिमनद्या होत्या. त्यांनी उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून कातळ कुरतडत आणला, आणि मधे जे उरलं ती ही धार. तोरण्याच्या बुधला माचीवरून राजगडाकडे येणारी सोंड आठव. ती कितीही अरुंद झाली तरी तिच्या माथ्यावर पाऊलवाट मावते, दोन्हीकडे गवत असतं. इथे माथा म्हणजे नुसते उभे, तिरपे, तुटलेले दगड. कितीतरी ठिकाणी एक पाऊल सपाट टेकायलाही जागा नाही. डावीकडे खोल खाली लिन लिदावचं निळं-काळं तळं, आणि उजवीकडे सरळ कडा.

बरोबर ऑफिसातला एक वेल्श सहकारी होता. त्याचं लहानपण याच डोंगरांत गेलेलं. चढाई जिथून सुरू होते त्या पेन-अ-पासच्या वाहनतळावर जागा आधी राखून ठेवावी लागते, म्हणून आम्ही गाडी खालीच लावून बसने आलो. या बससेवेचं नाव 'शेर्पा' आहे, तुला आवडेल! पेन-अ-पास ३५९ मीटरवर. तिथून पिग ट्रॅक नावाची दगड लावलेली वाट बुल्ख अ मोख या खिंडीपर्यंत आरामात जाते. खिंडीत फाटा आहे. डावीकडची वाट अर विद्वाला, उजवीकडची क्रिब गोखला.

नंदू, या ट्रेकमधली सगळ्यात महत्त्वाची जागा माझ्या मते ही खिंडच. तिथे माझा सहकारी थांबला, पाणी प्यायला, आणि पाच-दहा मिनिटं काही न बोलता वाऱ्याकडे लक्ष देऊन उभा राहिला. इथल्या हवामान खात्याचा डोंगरांसाठी वेगळा अंदाज असतो, त्यात माथ्यावरच्या वाऱ्याचा वेग आणि झोतांचा वेग वेगवेगळा दिलेला असतो. तो त्याने सकाळीच बघितला होता, तरी खिंडीत पुन्हा खात्री करून घेतली. याचं कारण वर गेल्यावर कळतं. पूर्वेच्या सोंडेने चढता येतं, पण तिथूनच उतरणं चढण्यापेक्षा फार अवघड. धारेच्या मधून खाली निसटायला धड वाट नाही, दोन्ही उतार कड्यांवर जाऊन संपतात. एकदा माथ्यावर पोचलास की पलीकडच्या खिंडीपर्यंत जायचंच. त्यात हा भाग इंग्लंड-वेल्समधल्या सर्वांत ओल्या जागांपैकी एक, वर्षाला साडेचार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. कोरडा आणि निवांत दिवस मिळाला तर नशीब. नाही मिळाला तर खिंडीतून डावीकडे वळायचं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आमच्या नशिबाने दिवस कोरडा होता. सोंडेच्या पायथ्याशी पहिलाच कातळटप्पा आडवा येतो आणि तिथेच हात बाहेर काढावे लागतात. इथे अशा हातापायांच्या चढाईला स्क्रॅम्बलिंग म्हणतात, त्याच्या तीन श्रेण्या, आणि क्रिब गोख पहिल्या, म्हणजे सगळ्यात सोप्या श्रेणीत. चढाई म्हणून पाहिलं तर ते खरंच आहे. मदनगडाच्या कातळटप्प्यासमोर हे काहीच नाही. पण मदनला तुझ्या कमरेला दोर होता. इथे बहुतेक लोक दोराशिवायच जातात. हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांना हात घालायला खोबण्या आहेत, आपल्या आधी कुणीतरी आपल्या बोटांचा विचार करून ठेवलाय. इथे पकड आपणच शोधायची.

कातळाविषयी मात्र तुला हेवा वाटेल. आपला बेसाल्ट ६.६ कोटी वर्षांचा, हा रायोलाइट सुमारे ४५ कोटी वर्षांचा. आपल्याकडे पकड धरायच्या आधी दगड हलवून बघायची सवय हाडात मुरलेली असते, पायाखाली घसारा आणि वाळलेलं गवत. इथला दगड खरखरीत, बूट चिकटून राहतो. फक्त ज्या खाचांवर वर्षानुवर्षं सगळ्यांचे पाय पडलेत त्या गुळगुळीत झाल्यात. उन्हात त्या चमकतात, त्यामुळे वाट कुठून जाते ते कळतं, पण पाय टाकताना तिथेच जपावं लागतं. ओल्यात तर त्यांच्यावर भरवसा ठेवायचाच नाही.

आणि मग माथा. चढ संपतो आणि अचानक समोर काहीच नसतं, फक्त ती धार पुढे पुढे गेलेली. मी तिथे खाली बसलो. पोटात गोळा येणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. सहकारी म्हणाला, वरून चालायचा हट्ट धरू नकोस, पाय डाव्या अंगाला जरा खाली ठेव आणि माथा जिन्याच्या कठड्यासारखा दोन्ही हातांनी धर. तसं केलं आणि एकदम जमून गेलं. दोन हात, एक पाय घट्ट, दुसरा पाय हलवायचा. नजर पुढच्या दोन हातांच्या अंतरावर. हेच दगड तुझ्या सोसायटीच्या अंगणात मांडले तर तुझी मुलगी पळत जाईल त्यांच्यावरून. अवघड असते ती खालची पोकळी, आणि तिच्याशी डोक्याने झगडण्यापेक्षा हातांना काम देणं बरं. हाताखाली काहीतरी खरखरीत, गार आणि पक्कं लागलं की श्वास जागेवर येतो.

मधे एक बाई अडकल्या होत्या. पन्नाशीच्या असतील. दगडाला मिठी मारून बसलेल्या, डोळे मिटलेले, आणि त्यांच्या सोबतचा माणूस पुढून नुसता "चल, चल" म्हणत होता. माझा सहकारी त्यांच्या खालच्या बाजूला जाऊन उभा राहिला, म्हणजे त्यांना दरी दिसेना. मग त्यांचं पाऊल हाताने धरून खाचेत ठेवलं. मग दुसरं. तोंडाने फक्त "हं, इथे" एवढंच. अर्ध्या तासात त्यांना पलीकडे नेलं. दृष्टिभय झालेल्या माणसाला धीर देण्यापेक्षा त्याचं पाऊल धरावं, हे मी त्या दिवशी बघितलं. आपल्या ग्रुपमधल्या नव्या पोरांनाही हे दाखव.

त्यांना तसं जमलं नसतं तर ९९९ फिरवून डोंगरी बचाव पथक बोलवावं लागलं असतं. लानबेरिसच्या पथकातली माणसं लोणावळ्याच्या आपल्या शिवदुर्ग मित्रसारखीच, नोकरीधंदा सांभाळून, पगार न घेता धावून येणारी. त्यांना विनाकारण त्या धारेवर यायला लावायचं नाही हेही खिंडीत उभं राहून ठरवायचं असतं.

धारेच्या शेवटी तीन सुळके. पहिले दोन डावीकडून वळसा घालून जातात. तिसऱ्यापाशी आधी बेचक्यात उतरायचं आणि मग समोरच्या भिंतीवर चढायचं. तिथे काही क्षण पाठीमागे निव्वळ हवा असते, पण पकडी इतक्या मोठ्या आणि घट्ट की मला तोच सगळ्यात आवडलेला टप्पा. त्यानंतर बुल्ख कोखच्या खिंडीत मऊ गवत आहे. आम्ही तिथे भाकरी-ठेचा खाल्ला! पुढे १०६५ मीटरचं गार्नेद इगाइन, मग अर विद्वा. तिथे १८९६ पासून रेल्वे येते, त्यामुळे माथ्यावर तोबा गर्दी. आम्ही थांबलो नाही, पिग ट्रॅकने उतरलो.

परतताना पेन-अ-गुरिद हॉटेलात चहा प्यायलो. १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेतली मंडळी सरावाच्या वेळी तिथे उतरत. छतावर त्यांच्या सह्या आहेत, तेनसिंगचीही. तू आलास की आपण दोघं मान वर करून ती शोधू.

आता कामाचं. बूट वापरून मऊ झालेले आण, नवे नकोत. सॅक लहान आण, मोठी धारेवर दगडांना अडकते. वाऱ्याला अडवणारं जॅकेट नसेल तर माझं आहे. मुक्काम निदान चार-पाच दिवसांचा ठेव, म्हणजे त्यातला एखादा कोरडा निघेल. तिकीट काढलंस की तारखा लगेच कळव, सुट्टी टाकायची आहे.

ती. काकूंना माझा साष्टांग नमस्कार सांग. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का? वहिनींना नमस्कार, चिमणीला गोड पापा.

तुझाच,
अवधूत