सांताना म्हणजे नुसती गिटार नाही

मा. संपादक, स. न.

रविवारच्या पुरवणीतला सांताना या अमेरिकन लॅटिन रॉक बँडवरचा लेख वाचला, आवडलाही, पण एक गोष्ट खटकली म्हणून लिहितोय. बँडचा गिटारिस्ट कार्लोस सांतानाचं मेक्सिकोतलं बालपण, मारियाचीत (तिकडच्या लोकसंगीताच्या ताफ्यात) व्हायोलिन वाजवणारे वडील, त्याची गिटार, सगळं आलंय, पण बाकीचा बँड गेला कुठे? मायकल काराबेलोचे कोंगा (हातानं वाजवायचे उंच ढोल) आणि निकाराग्वाहून आलेल्या चेपितो आरेआसचे टिंबालेस (काड्यांनी वाजवायची ढोलांची जोडी), यांच्यावर एक ओळ नाही हो! मी स्वतः ऑर्केस्ट्रात बरीच वर्षं तुंबा वाजवलाय (कोंगालाच आमच्यात तुंबा म्हणतात) त्यामुळे मला जरा जास्तच लागलं.

'ओये कोमो वा' घ्या. गाणं मूळ न्यूयॉर्कच्या टिटो पुएन्तेचं, तोही टिंबालेसवालाच. त्याच्याकडे बासरीवर येणारी सुरावट सांतानानं १९७० च्या 'अब्राक्सास' अल्बममध्ये गिटारवर घेतली, सोबत ग्रेग रोलीचा ऑर्गन. पण हेडफोन लावून ऐका, मागे गिरोची (खाचांवर काडी घासून वाजवायचं वाद्य) ती खर्र खर्र सारखी चालू आहे, गिटार गप्प असते तेव्हापण पाय थांबत नाही आपला. 'ब्लॅक मॅजिक वुमन' तर फ्लीटवुड मॅकच्या पीटर ग्रीनचं, म्हणजे इंग्लंडचा ब्लूज, त्यालासुद्धा या पोरांनी कोंगावर बसवलं.

अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात १९६९ मध्ये वाजवलं तेव्हा यांचा पहिला अल्बमही बाजारात आला नव्हता आणि 'सोल सॅक्रिफाइस'मध्ये तो लांबलचक सोलो मारणारा ड्रमर मायकल श्रीव्ह फक्त २० वर्षांचा होता. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितलाय सांगता येणार नाही, घरचे वैतागतात.

पुढे बँड फुटला, रोली आणि दुसरा गिटारिस्ट नील शॉन जाऊन 'जर्नी' या रॉक बँडमध्ये रमले, कार्लोस श्री चिन्मय या आध्यात्मिक गुरूंच्या नादी लागून 'देवदीप' झाला, गिटारिस्ट जॉन मॅकलॉफलिनबरोबर अल्बम केला (हाच मॅकलॉफलिन नंतर आपल्या तबलावाल्या झाकीरभाईंसोबत 'शक्ती' या बँडमध्ये). लेखात १९९९ च्या 'सुपरनॅचरल' अल्बमला अर्धं पान दिलंय. त्यातलं 'स्मूथ' अमेरिकेत १२ आठवडे नंबर एकला होतं, मान्य, मलाही आवडतं, पण प्रत्येक गाण्याला नवा पाहुणा बोलावला की बँड कुठे उरतो?

२०१६ मध्ये 'सांताना फोर' या अल्बमसाठी रोली, शॉन, श्रीव्ह, काराबेलो परत एकत्र आले. चेपितो नव्हता. त्याच्यावर पुढेमागे अर्धं पान छापाच, ती पुरवणी मी रद्दीत जाऊ देणार नाही.

आपला,
एक जुना तुंबावाला