श्रेयांक पेढीत जमा, पण वटणार कुठे?

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

माझ्या मुलीने सांगलीतील एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेचे पहिले वर्ष २०२४-२५ मध्ये पूर्ण केले. तिला पुढे वित्त विषयच घ्यायचा असल्याने दुसऱ्या वर्षापासून विद्यापीठ बदलण्याचे ठरले आणि मुंबईतील एक व पुण्यातील एक अशा दोन विद्यापीठांचे आम्ही उंबरठे झिजवले. नावे मुद्दाम देत नाही.

नातेवाइकांचा कौल अर्थातच मुंबईला होता. रिझर्व्ह बँक, सेबी आणि दोन्ही मोठे शेअर बाजार जिथे आहेत, तिथे सुटीत एखाद्या दलाली पेढीत उमेदवारी मिळाली तरी मुलीचे भले होईल, हे त्यांचे म्हणणे मलाही पटत होते. पुण्याच्या बाजूने राहण्याचा कमी खर्च आणि सांगलीहून निम्म्या दिवसात गाठता येणारे अंतर, एवढेच सांगण्यासारखे होते.

मात्र खरा पेच श्रेयांकांचा, म्हणजे विषय उत्तीर्ण झाल्यावर मिळणाऱ्या ‘क्रेडिट’चा निघाला. श्रेयांक पेढीत (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे विद्यार्थ्याच्या श्रेयांकांचे ऑनलाइन खाते) जमा झालेले श्रेयांक सात वर्षे टिकतात, असे सांगितले जात असल्यामुळे पालकांना वाटते की घाई कशाला, दुसरे वर्षही इथेच होऊ द्यावे. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार जी संस्था पदवी देणार, तिथून किमान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात. आपल्याकडे सत्राला २२ या हिशेबाने तीन वर्षांचे १३२ श्रेयांक होतात. दुसऱ्या वर्षानंतर विद्यापीठ बदलले तर नव्या ठिकाणी अवघे ४४ पदरात पडतात, आणि लागतात ६६. चार वर्षांची पदवी घ्यायची तयारी असेल तरच १७६ पैकी ८८ असे काठावर जमते. म्हणजे तीन वर्षांत पदवी हवी असलेल्या मुलाला वर्षाअखेरीस विद्यापीठ बदलायची संधी पहिल्या वर्षानंतर एकदाच मिळते. ही साधी वजाबाकी आम्हाला प्रवेशाच्या वेळी कोणीही करून दाखवली नव्हती, आणि मीही ती केली नव्हती, हे कबूल करायला हवे.

मुंबईतील खिडकीवर गुणपत्रिका दिली, तेव्हा तेथील लिपिकाने पेन्सिलीने एकेका विषयापुढे खूण केली. ३६ श्रेयांकांपुढे बरोबरची खूण, आठांपुढे प्रश्नचिन्ह. त्या आठांचे काय, असे विचारल्यावर त्यांनी सौजन्यानेच सांगितले की आधी महाविद्यालय सोडल्याचा दाखला आणून प्रवेश घ्यावा, शुल्क भरावे, जुने विषय इथल्या विषयांशी जुळतात का, हे समकक्षता समिती नंतर ठरवील. खोडरबराने पुसता येईल अशा खुणांच्या भरवशावर जुने महाविद्यालय सोडायचे आणि समितीने नकार दिला तर परतीची वाटही बंद, हा धोका कोणता पालक पत्करील? पुण्यातील विद्यापीठाने मात्र आमच्या अभ्यासक्रमाच्या प्रमाणित प्रती ठेवून घेतल्या आणि दहा दिवसांत कोणते विषय चालतील व कोणता पुन्हा द्यावा लागेल, हे सही-शिक्क्यानिशी कळवले.

शेवटी निवड त्या एका कागदाने झाली. शेअर बाजार किती जवळ, हा विचार मागे पडला, याची हळहळ मुलीला आहेच.

माझी विनंती एवढीच आहे की, राज्यातील विद्यापीठांनी निदान वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या विषयांचे समकक्षता तक्ते प्रवेश सुरू होण्यापूर्वी प्रसिद्ध करावेत. ते शक्य नसेल तर दाखला काढण्याआधी विद्यार्थ्याला लेखी उत्तर मिळण्याची मुदत तरी ठरवून द्यावी. माझ्या मुलीला चार श्रेयांकांचा एक विषय तिसऱ्या सत्राबरोबर पुन्हा द्यावा लागणार आहे. ते आधीच माहीत असल्याने तिने त्याचे पुस्तक सुटीतच उघडले आहे.

आपला,
एक पालक, सांगली