काट्याच्या यंत्रापर्यंत घरूनच पोचवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

पोळ्याला तुम्ही माहेरी आलात, तान्हा पोळा होईस्तोवर राहिलात, आणि त्या सुटीतला बराच वेळ आमच्या ओट्यावर माझ्या लॅपटॉपसमोर घालवलात. आता कापसाचा हंगाम भरात आहे, जिनिंगचा काटा सकाळपासून रात्रीपर्यंत चालतो, आणि घरी बसून दूरच्या यंत्रांवरच्या फाइली बदलायची जी व्यवस्था तुम्ही लावून दिली, तिची किंमत मला रोज कळते. हे आभार सगळ्यांसमोर लिहिते आहे त्याला कारण आहे. राळेगाव, कळंब, मारेगाव, वणी या पट्ट्यात घरी राहून दूरच्या यंत्रांची कामं करणारी माझ्यासारखी आणखी मुलंमुली आहेत. तुम्ही मला जे दाखवलं ते त्यांच्याही हाती पडावं. नाव लिहू नको म्हणालात, ते पाळते.

वाचणाऱ्यांसाठी आधी कामाचं सांगते. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा वजनकाटा वर्धा नदीच्या पलीकडे, हिंगणघाटच्या बाजूला एका जिनिंगच्या आवारात आहे. काट्याला जोडलेलं यंत्र म्हणजे एक रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा छोटा संगणक, ५१२ एमबी मेमरीचा, तळहातात मावणारा. गाडी काट्यावर चढली की ते वजन घेतं, ओलाव्याचा आकडा घेतं, पावती छापतं आणि नोंद मुंबईतल्या भाड्याच्या सर्व्हरवर पाठवतं. या दोन्ही ठिकाणच्या फाइली सांभाळणं माझ्याकडे आहे. सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, हमीभाव ८ टक्के ओलाव्याला धरते आणि १२ टक्क्यांपर्यंतचा कापूस कपात लावून घेते. आमचा कपातीचा तक्ताही त्याच धर्तीवर, एका साध्या टेक्स्ट फाइलीत आहे. त्या फाइलीतला एक आकडा म्हणजे कोणाच्या तरी वर्षभराच्या मेहनतीचे पैसे. म्हणून ती शांतपणे, नीट दिसत असताना बदलता आली पाहिजे, एवढीच माझी मागणी होती.

आणि तेच होत नव्हतं. टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, मुंबईच्या सर्व्हरवर शिरायचं आणि तिथलाच एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचं साधन, उघडायचा, ही माझी पद्धत. गावात नेट म्हणजे मोबाइलचा टॉवर, आणि लाइन गेली की थोड्या वेळानं टॉवरही मान टाकतो. एक अक्षर दाबलं की ते स्क्रीनवर उमटायची वाट पाहायची. पुसायला बॅकस्पेस दाबावा तर किती अक्षरं पुसली गेली तेच कळू नये. अर्ध्या ओळीवर जोडणी तुटली की सगळं पुन्हा. काट्यावर ट्रॉल्या आणि मेटाडोर खोळंबलेले असताना असं काम करणं फार जिवावर यायचं. काट्याच्या यंत्रावर तर घरून शिरताच येत नसे. तिथे एसटी धरून नदीपलीकडे जायचं, हाच उपाय उरायचा, आणि नाल्यांना पूर आला की तोही नाही.

तुम्ही लगेच लॅपटॉपला हात लावला नाही, ताई. कागद मागितला. म्हणालात, “कोणती गोष्ट कुठं होऊन राहिली, ते पह्यले काढ.” कळ कुठं दाबली जाते, अक्षर कुठं लिहिलं जातं, स्क्रीनवर दिसण्याआधी ते कुठून फिरून येतं. चित्र काढताना मलाच दिसलं की माझं प्रत्येक अक्षर मुंबईपर्यंत जाऊन परत येत होतं. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, मुंबई गाठायला त्याला काही मिलिसेकंद पुरतात, हेही तुम्ही तिथंच मांडून दाखवलं. वेळ खात होता तो आपल्या घरापासून टॉवरपर्यंतचा टप्पा, आणि तो मी दर अक्षराला ओलांडत होते. मग तुम्ही म्हणालात, “तहान लागली का दर घोटाले विहिरीवर जातं का कोणी? घागर भरून आणतं न माणूस.” त्या एका चित्रानं माझं अर्धं काम केलं. पुढची प्रत्येक सेटिंग मला पाठ करावी लागली नाही, कारण ती कोणत्या टप्प्यासाठी आहे ते समोर दिसत होतं.

ईमॅक्स हा एडिटर माझ्या लॅपटॉपवर आधीपासून होता. त्यातच दूरच्या यंत्रावरची फाइल उघडून देणारी ट्रॅम्प नावाची सोय आहे, हे मला माहीत नव्हतं. १९९८ च्या अखेरीस काई ग्रोसयोहान यांनी ते काम सुरू केलं, पुढे ते ईमॅक्सचाच भाग झालं, आणि मायकेल आल्बिनस गेली कित्येक वर्षं ते सांभाळत आहेत. हे तुम्ही मुद्दाम सांगितलंत, आपल्या हाती आलेलं साधन कोणीतरी घरच्या वेळातून घडवलेलं असतं म्हणून. वापर अगदी सरळ. फाइल उघडताना आधी तिरपी रेघ, मग एसएसएच (दूरच्या यंत्राशी सुरक्षित जोडणीची पद्धत), दोन टिंबं, यंत्राचं नाव, पुन्हा दोन टिंबं आणि पुढे फाइलचा पत्ता. फाइल एकदा इकडे येते. मग मी तासभर लिहिलं तरी ते माझ्याच लॅपटॉपवर होतं. जतन केलं की ती एकदा परत जाते. मध्ये लाइन जावो, टॉवर जावो, माझ्यासमोरचा मजकूर जागचा हलत नाही.

व्हीएस कोड या दुसऱ्या एडिटरमध्येही २०१९ पासून अशी सोय आहे आणि ती चांगली आहे, हे तुम्ही स्वतःच आधी सांगितलंत. पण ती दूरच्या यंत्रावर स्वतःचा एक छोटा सर्व्हर बसवते आणि त्याला किमान १ जीबी मेमरी लागते. आमच्या काट्याच्या यंत्राकडे त्याच्या निम्मीच. ट्रॅम्पला पलीकडे नेहमीचा शेल, म्हणजे आज्ञा घेणारा प्रोग्रॅम, असला की पुरे. तुम्हाला स्वतःला काय आवडतं ते न लादता यंत्राला काय झेपेल ते आधी पाहिलंत, याचं मला फार मोल वाटतं.

एसएसएचच्या कॉन्फिग फाइलीत तुम्ही ज्या ओळी घातल्या त्या इथे मुद्दाम सांगते. कंट्रोलमास्टर ‘ऑटो’ आणि कंट्रोलपर्सिस्ट दहा मिनिटं: पहिली जोडणी झाली की पुढच्या फाइली तिच्यातूनच जातात, दर वेळी ओळख पटवण्याचा फेरा नाही. ट्रॅम्प या वाटणीची स्वतःची वेगळी व्यवस्था लावतो, ती बंद करून त्याला हीच वापरायला सांगितलंत. सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल १५ आणि काउंटमॅक्स ३: दर १५ सेकंदांनी हाक, तीन हाकांना उत्तर नाही तर जोडणी गेली असं धरायचं. म्हणजे पाऊण मिनिटात कळतं, गोठलेल्या स्क्रीनकडे पाहत बसावं लागत नाही. गेलीच तर ट्रॅम्पच्या सगळ्या जोडण्या साफ करायची आज्ञा द्यायची आणि पुन्हा जतन करायचं.

ईमॅक्स साधारण ३०० कळा दाबल्यावर, किंवा हात ३० सेकंद थांबला की, कच्ची प्रत आपोआप जपतो. ती लॅपटॉपवरच, घरच्या एका कायम फोल्डरात जपली जाईल असं तुम्ही लावलं. माझ्या लॅपटॉपची बॅटरी जुनी आहे, आणि लाइन गेल्यावर तो मध्येच बंद पडला तरी लिहिलेलं सापडतं. कोणाला एकच सेटिंग घ्यायची असेल तर मी ही घ्या म्हणेन.

मुंबईच्या सर्व्हरवर मात्र ट्रॅम्प पहिल्यांदा अडूनच बसला होता. तिथला प्रॉम्प्ट (आज्ञा लिहायच्या जागेआधी दिसणारी खूण) रंगीत, दोन ओळींचा, कोणीतरी हौसेनं सजवलेला. ट्रॅम्प पलीकडच्या शेलशी बोलताना प्रॉम्प्टच्या शेवटचं डॉलरसारखं चिन्ह ओळखून पुढे जातो, आणि त्या सजावटीत त्याला ते सापडत नव्हतं. ट्रॅम्प आत येताना टर्मिनलचा प्रकार ‘डम्ब’ असा सांगतो. तसं असेल तेव्हा साधा प्रॉम्प्ट दाखव, अशी एक ओळ तुम्ही तिथल्या शेलच्या फाइलीत घातली आणि अडलेलं सुटलं. तसंच गिट या, बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या फोल्डरातली फाइल उघडायला वेळ का लागतो तेही तुम्ही शोधून दिलं. ईमॅक्स दर वेळी ती फाइल नोंदीत आहे का हे पलीकडे पुन्हा पुन्हा विचारत होता. दूरच्या फाइलींपुरती ती चौकशी बंद केली.

सगळ्यात अवघड होतं ते काट्याच्या यंत्रापर्यंत पोचणं. ते मोबाइलच्या सिमवर चालतं, आणि त्या नेटला बाहेरून थेट हाक मारता येईल असा स्वतःचा पत्ता नसतो. आपण तिकडे जाऊ शकत नाही, पण ते बाहेर येऊ शकतं, हे तुम्ही पुन्हा त्याच कागदावर दाखवलं. आता ते यंत्र सुरू झालं की स्वतःच मुंबईच्या सर्व्हरशी एसएसएचनं जोडून घेतं आणि तिथे माझ्यासाठी एक पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, उघडं ठेवतं. जोडणी तुटली तर ऑटोएसएसएच ती परत लावतो. मी आधी मुंबईला जाते आणि तिथून उलट नदीपलीकडे. प्रॉक्सीजंपच्या एका ओळीमुळे हा वळसा मला दिसतही नाही. ईमॅक्समध्ये नुसतं ‘काटा’ लिहिलं की मी जिनिंगमध्ये असते.

चाव्यांच्या बाबतीत तुम्ही कडक होतात, ते बरं झालं. पासवर्डऐवजी ओळख पटवणारी ईडी२५५१९ प्रकारची चावी, तिला पासफ्रेज, खासगी भाग लॅपटॉपच्या बाहेर कधीच नाही, आणि पासवर्डनं शिरण्याची वाट दोन्ही यंत्रांवर बंद. पहिल्या जोडणीच्या वेळी यंत्राचा ठसा, म्हणजे त्याची ओळख सांगणारी अक्षरं, समोर आला, तेव्हा ‘हो’ म्हणण्याआधी तुम्ही जिनिंगमधल्या मुलाला फोन लावायला लावला. त्यानं तिथल्या पडद्यावरून अक्षर अक्षर वाचलं आणि आपण जुळवलं. तेव्हा आई म्हणाली होती, एवढी तपासणी तर सोयरीक जुळवतानाही होत नाही. आणि तक्त्याची फाइल बदलण्याआधी तिची तारीख घातलेली प्रत ठेवायची, जतन केल्यावर पुन्हा उघडून पाहायची, रिकाम्या काट्यावर एक पावती काढून बघायची, हा क्रम मी एकदाही सोडलेला नाही.

गेल्या पंधरवड्यात कपातीचा तक्ता बदलायचा निरोप संध्याकाळी आला. गाड्या सकाळी लागणार होत्या. मी घरीच बसून तो बदलला, चाचणीच्या पावतीचा फोटो जिनिंगमधून मागवला आणि कंपनीच्या अध्यक्षांना पाठवला. आता मी या कामासाठी नागपूर-पुण्याला खोली घ्यावी असं घरात कोणी म्हणत नाही. गावात राहून हे काम करायचं मी ठरवलं होतं, ते तुमच्यामुळे जमतं आहे. शेजारची बारावीतली मुलगी संध्याकाळी माझ्याकडे येते, तिलाही मी आधी कागदच दिला.

मोबदल्याचं विचारलं तर तुम्ही चहावर भागवलंत. कंपनीच्या बैठकीत तुमच्या मदतीची नोंद घेतली आहे, ती मी आग्रहानं घ्यायला लावली. सोयाबीनच्या गोदामात आता दुसरं यंत्र बसणार आहे, आणि त्याचं सिम एकाच कोपऱ्यात रेंज पकडतं. अँटेना बाहेर काढावी की यंत्रच तिकडे हलवावं, याबद्दल तुमचं मत हवं आहे. पुढच्या सुटीत याल तेव्हा नकाशा तयार ठेवते.

काका-काकूंना नमस्कार.

तुमची,
ओट्यावरची विद्यार्थिनी
ता. राळेगाव, जि. यवतमाळ