जा तू, डोंगरावर जा

मनू,

काल म्हणालीस ना, की ऑब्झर्व्हिंग, म्हणजे दुर्बिणीतून आकाश बघणं, घरून लॅपटॉपवर होत असताना एवढं विमानाने त्या डोंगरावर कशाला जायचं. मी गप्प बसले कारण घरून करायची सवय मलाही आहेच की.

२०२० मध्ये तू सोळाची होतीस, आठवतंय? मार्चमध्ये कोरोनामुळे एकामागून एक दुर्बिणी बंद पडत गेल्या. चिलीतली आल्मा, ६६ अँटेनांची रेडिओ दुर्बीण, थेट पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये परत कामाला लागली. कृष्णविवराचा फोटो काढणाऱ्या इव्हेंट होरायझन टेलिस्कोपचं तर अजून वाईट, त्यांना जगभरच्या दुर्बिणी एकाच वेळी लागतात आणि सगळीकडे हवा चांगली असते ती साधारण मार्च-एप्रिलमध्ये, त्यामुळे ते अख्खं वर्षच गेलं. हबल दुर्बीण आपली वर अंतराळात मजेत, तिथे तसंही कोणी जात नाही.

मग जिथे जमेल तिथे लोक घरून दुर्बीण वापरायला लागले, हवाईतल्या केक दुर्बिणीवाले तर त्याला 'पायजमा मोड' म्हणायचे. माझं तेच, भर दुपारी पडदे ओढून तिकडची रात्र बघत बसायचे, तुझा क्लास आणि माझी दुर्बीण एकाच वायफायवर, आणि तू ओरडायचीस की आई तुझ्या ताऱ्यांमुळे माझे सर अडकलेत :) पण खरं सांगू, मला ते आवडलं. तू लहान असताना दोन रात्रींसाठी आठवडाभर तुला सोडून जायचे आणि ढग आले की तेही फुकट.

पण त्या दोन वर्षांत आलेल्या माझ्या एका स्टुडंटने फ्लॅट इमेजमध्ये, म्हणजे सारख्या उजेडाच्या पडद्याच्या चाचणी फोटोत, कड्यांसारखे गोल बघितले आणि तीन दिवस कोडमध्ये बग शोधत बसला. अरे ती धूळ होती, कॅमेऱ्यापुढच्या रंगीत काचेवरची, फिल्टरवरची! फोकसबाहेरचा कण असाच दिसतो. फिल्टर त्याने कधी डोळ्यांनी बघितलाच नव्हता, त्याची तरी काय चूक. आणि एकदा डोंगरावर, स्क्रीनवर सगळं हिरवं, म्हणजे हवा ठीक दिसत असताना आमचा दुर्बीण चालवणारा ऑपरेटर नुसता बाहेर जाऊन आला नि म्हणाला डोम, दुर्बिणीवरचा घुमट, बंद करतोय, मी चिडले, अर्ध्या तासात धुकं. ते त्याला कसं कळलं हे मी उरलेली रात्र त्याच्याशेजारी बसून विचारत होते. व्हिडिओ कॉलवर एवढं कोण बोलतं गं.

माझा जाड कोट कपाटात खालच्या कप्प्यात आहे, तो घेऊन जा. मोजे दोन जोड घाल.

आई