टीसीएल टाकली म्हणजे फ्लोराइड जात नसतं

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की गावोगाव टाकीत टीसीएल, म्हणजे जंतू मारायची ब्लीचिंग पावडर, टाकली का नाही याची चौकशी सुरू होते, ते बरोबरच आहे, पण त्यातून एक गैरसमज पक्का झालाय की पावडर पडली म्हणजे पाणी सगळ्याच बाबतीत चांगलं झालं. आमच्या नांदेड जिल्ह्यात किनवटकडं बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, लेकरांच्या दातावर पिवळे-तपकिरी डाग पडतात, मोठ्यांचे सांधे आखडतात, आणि तिथंही लोक म्हणतात की पावडर टाकतो ना आम्ही.

मी दहावीला विज्ञान शिकवतो. आवर्तसारणीतला गण 17 म्हणलं की पोरं धडाधड म्हणून दाखवतात, फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन, आयोडीन, शेवटच्या कक्षेत 7 इलेक्ट्रॉन, संपलं. पण ब्रोमिन सोडला तर या घराण्यातले बाकी तिघं रोज आपल्या पोटात जातात, बोअरमधून फ्लोराइड, टीसीएलमधून क्लोरिन, मिठातून आयोडीन, हे त्यांना कुणी सांगतच नाही.

एका घराण्यातले असल्यानं सगळ्यांना एक इलेक्ट्रॉन ओढून घ्यायची घाई, तो मिळाला की फ्लोरिनचं फ्लोराइड होतं, आयोडीनचं आयोडाइड, पण वरून खाली जाताना हा जोर कमी होत जातो. फ्लोरिन सगळ्यात जहाल, इतका की तो मोकळा करायला 1886 साल उजाडलं, मोइसाँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं ते केलं. क्लोरिन हा आयोडाइडमधून आयोडीनला हुसकून लावतो पण फ्लोराइडपुढं त्याचं काही चालत नाही. टीसीएलचं काम जंतू मारायचं, ते ती चोख करते, विरघळलेलं फ्लोराइड मात्र जिथल्या तिथं राहतं. उकळूनही जात नाही, पाण्याची वाफ होते आणि उरलेल्या पाण्यात ते उलट दाट होतं.

आणखी एक बघा, कॅल्शियम क्लोराइड पाण्यात लगेच विरघळतं आणि कॅल्शियम फ्लोराइड जवळपास विरघळतच नाही, एवढी कॅल्शियमची अन् फ्लोराइडची घट्ट जोडी. दात आणि हाडं कॅल्शियमचीच, म्हणून फ्लोराइड तिथंच जाऊन बसतं. थोडं असेल तर दात किडायचे कमी होतात, लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरं पाणीच नसेल तर 1.5, त्याच्या वर नको. आणि ते ना डोळ्याला दिसतं ना जिभेला कळतं. नागपूरच्या नीरी संस्थेनं तुरटी अन् चुना वापरून ते काढायची नलगोंडा पद्धत शोधलेली आहे, पण त्यात प्रमाण नेमकं लागतं, घरी अंदाजानं तुरटी फिरवून भागत नाही.

जलजीवन मिशनमध्ये गावातल्या 5 बायांना किट देऊन पाणी तपासायला शिकवतात, त्यात फ्लोराइडही तपासता येतं. मग तो आकडा प्रत्येक हापशावर रंगानं लिहायला काय अडचण आहे? ते किट एक दिवस शाळेत आणू द्या, पोरांना स्वतःच्या घरचं पाणी तपासू द्या, गण 17 जन्मभर लक्षात राहील.

आपल्या पेपरात उन्हाळ्यात टँकरचे आकडे तालुकावार येतात, तसेच जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतले फ्लोराइडचे आकडे गावाच्या नावासकट छापावेत, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक विज्ञान शिक्षक, जि. नांदेड